सोबत कोण आलंय?

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी)

प्रश्न एकच असतो, पण तो कोण विचारतो आणि कोणत्या आवाजात विचारतो यावर त्याचा अर्थ ठरतो. 'सोबत कोण आलंय?' हा असाच एक प्रश्न आहे. पाहुण्यांच्या गावी लग्नाला गेलेल्या मुलीला घरातली थोरली बाई हा प्रश्न विचारते तेव्हा त्यात माया असते. तोच प्रश्न दवाखान्याच्या खिडकीतून, मागे रांग उभी असताना, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारला की ती चौकशी होते. गेल्या वर्षी अशाच एका खिडकीसमोर मी तो ऐकला. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

लेखाचा विषय गर्भपात हा आहे. आपल्या वार्षिक अंकात पावसाची वर्णने येतात, आईवरच्या कविता येतात, हुंडा आणि बेकारी यांवर लेख येतात. हा विषय सहसा येत नाही. वास्तविक आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत, भावकीत तो असतो. फक्त त्याला नाव नसते. 'पिशवी साफ केली', 'क्युरेटिन केलं', 'खाली केलं' अशा आडवळणाच्या शब्दांनी तो ओळखला जातो. ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्या माझ्या चुलत वहिनी. त्यांनी हा मजकूर माझ्या तोंडून ऐकला आणि 'छापा, पर माझं नाव नगं' असे सांगितले. माझे नाव छापले तर गावात त्यांचे नाव कळायला वेळ लागणार नाही. म्हणून माझेही नाव घालू नये अशी मी संपादक मंडळाला विनंती केली.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातला कागद म्हणजे माझे काम. सातबारा असो, लाइटचे बिल असो, सोसायटीची नोटीस असो, 'बघ की काय म्हंतोय त्यो' म्हणून तो माझ्यापुढे येतो. वहिनीही त्याच कारणाने माझ्याकडे आल्या. थोरली मुलगी चार वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा अंगावर पिणारा, आणि पुन्हा दिवस गेलेले. अंगात ताकद नव्हती आणि मनाची तयारीही नव्हती. दादाचा नकार नव्हता. पण ऊसतोडीचा हंगाम चालू होता, त्याचा ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याच्या गेटवर रांगेत उभा. एक दिवस खाडा झाला तर मालकाची बोलणी आणि भाड्याचे पैसे दोन्ही जाणार. काकूंना, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंना, सांगायची सोय नव्हती. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमी शिकलेल्या हायसा. कागद वाचता येतोय तुमास्नी. माझ्यासंगं चला."

मी गेले. घरी कॉलेज म्हणून सांगितले, वहिनींनी दाढ काढायला जाते म्हणून सांगितले. सकाळच्या एस. टी.ने आम्ही कोल्हापूरला आलो. कोणत्या दवाखान्यात गेलो हे मी लिहिणार नाही. तसे दवाखाने पुष्कळ असणार आणि एकाला बोल लावून काही साधत नाही. खिडकीतल्या बाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारले, "सोबत कोण आलंय?"

"नणंद हाय."

"नणंद चालत नाही. मालकांना घेऊन या. त्यांची सही लागते."

राज्यशास्त्राच्या पेपरासाठी मूलभूत हक्कांवरचे दहा गुणांचे उत्तर मी मुखोद्गत केले होते. त्या खिडकीसमोर माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. उलट मागच्या रांगेत आपल्या वर्गातली कोणी मुलगी तर नाही ना, या भीतीने मी ओढणी पुढे ओढून घेतली. वहिनींना सोबत म्हणून मी गेले होते, आणि त्या क्षणी मला त्यांच्या सोबतीचीच लाज वाटली. ही गोष्ट लिहिताना मला बरे वाटत नाही. पण ती वगळली तर बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

आम्ही परत आलो. दादाला वेळ मिळायला चार दिवस गेले. तो आला, सही केली आणि दहा मिनिटांत निघून गेला, कारण ट्रॅक्टर लावून आला होता. त्यालाही मी दोष देत नाही. सही घेतल्यानंतर त्याने काय करायचे असते, कुठे बसायचे, बायकोला काय विचारायचे, हे त्याला कुणी सांगितलेच नाही. वहिनींना बसायला दिलेला बाक बाळंतिणींच्या खोलीबाहेरचा होता. कुणाला तरी मुलगा झाला होता. त्या आनंदी गृहस्थांनी बाकावरच्या सगळ्यांना पेढे वाटले, वहिनींनाही दिला. आत बोलावणे येईपर्यंत तो त्यांनी मुठीत धरून ठेवला आणि जाताना माझ्या हातात दिला.

संध्याकाळी परत निघताना गोळ्यांची पुडी मिळाली आणि 'आठ दिवसांनी दाखवा' एवढे सांगणे मिळाले. स्टँडवर वहिनींनी मला मेडिकलमधून कापूस आणायला लावला आणि गाडीत बसल्यावर त्याचा बोळा गालात धरला. दाढ काढली होती ना! दाढ काढलेल्या बाईला विश्रांती लागत नाही. म्हणून घरी गेल्यावर वहिनींनी म्हैस पिळली, भाकरी थापल्या, धाकट्याला अंगावर घेतले. चौथ्या रात्री त्यांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "ताई, येवढं जातंय ते बरूबर हाय का?" मला ठाऊक नव्हते. त्या रात्री आम्ही दोघीही झोपलो नाही. पुढे ते आपोआप कमी झाले, नशिबाने निभावले. नंतर मी वाचले की सलग दोन तास दर तासाला दोन-दोन पॅड पूर्ण भिजू लागले, ताप राहिला किंवा घाण वास येऊ लागला तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. त्याहून कमी, हळूहळू ओसरणारे जाणे बहुधा नेहमीचे असते. एवढी दोन वाक्ये कुणी त्या बाकावर बसून सांगितली असती तर ती रात्र आमच्या वाट्याला आली नसती. हे सांगायला डॉक्टरच हवा असे नाही. शिकवलेली, शांतपणे बोलणारी कोणीही बाई हे सांगू शकते.

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून कायदा वाचला. १८६० च्या भारतीय दंडविधानाप्रमाणे स्त्रीचा जीव वाचवण्याचे कारण सोडले तर गर्भपात हा गुन्हा होता, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीदेखील गुन्हेगार होती. चोरून सुईणीकडे, वैदूकडे जाऊन बायका मरत राहिल्या. १९६४ साली सरकारने शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे गृहस्थ आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळातले. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरेसे ठरवले. गर्भनिरोधक साधन निरुपयोगी ठरल्याच्या कलमात पूर्वी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते, तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद या बाबतीत करता येणार नाही, असा निर्णय दिला.

आणि सही? अठरा वर्षांवरच्या, सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायदा फक्त तिचीच संमती मागतो. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने स्वतःच खेद व्यक्त केला आहे की डॉक्टर मंडळी घरच्यांची संमती, निरनिराळी कागदपत्रे अशा कायद्याबाहेरच्या अटी घालतात. म्हणजे वहिनींचे चार दिवस आणि दोन खेपांचे भाडे एका अशा सहीपायी गेले, जी कायद्याने मागितलीच नव्हती. याच कायद्यात असेही कलम आहे की गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खिडकीतला तो मोठा आवाज मला या कलमाच्या जोडीला आठवतो.

आपल्या कोल्हापुरात या विषयाला आणखी एक पदर आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. ही आपल्या जिल्ह्याची शरम होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांच्या आधी, कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण बसवण्याचा प्रयोगही याच जिल्ह्यात झाला. शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ मध्ये एका तरुण विवाहितेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला आणि नंतर ओढ्याकाठी पुरलेले भ्रूण सापडले; ते सारे आपण वाचलेले आहे. मुलगी म्हणून गर्भ पाडणे हा गुन्हाच आहे आणि त्याविरुद्धची मोहीम योग्यच आहे. पण भिंतीवरच्या घोषणा वाचून वाचून आपल्या मनात 'गर्भपात' हा शब्दच सबंध गुन्ह्याचा झाला. कायदेशीर कारणासाठी आलेल्या बाईकडेही दवाखान्यातली शिपाईण, मेडिकलवाला, शेजारीण संशयाने पाहते. वहिनींना दाढ काढायला लागली ती यामुळेही.

इथे मी मुख्य मुद्द्याकडे येते. गर्भपातात औषधाचा आणि शस्त्राचा भाग थोडा असतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे पुष्कळ काही असते, जे औषध नाही: बरोबर येणारे माणूस, गाडीभाडे, तान्हे मूल सांभाळणारे कोणी, कागद वाचून दाखवणारे कोणी, पुढच्या आठ दिवसांत काय होईल ते सांगणारे कोणी, घरी दोन दिवस पडून राहायला मिळणे, आणि तोंड बंद ठेवणारे एखादे विश्वासाचे माणूस. या गोष्टींचा अभ्यास सरकारने करायला हवा, असे माझे म्हणणे आहे. गोळीची मात्रा अभ्यास करून ठरवतात, तशीच सोबतीची गरजही अभ्यास करून ठरवावी.

सरकार या क्षेत्रात अभ्यास करीत नाही असे नाही. मुंबईला देवनार येथे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने दोन परदेशी संस्थांबरोबर केलेल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के गोळ्यांनी, दवाखान्याच्या बाहेर झाले. त्या अभ्यासात दवाखान्यांची पाहणी सहा राज्यांत झाली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. हीच संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत आढळले की २७ टक्के गर्भपात स्त्रियांनी स्वतःच घरी केले होते आणि १६ टक्क्यांमध्ये काही ना काही गुंतागुंत झाली. गर्भपात का केला, कुठे झाला, कोणी केला, त्रास झाला का, त्यावर उपचार कुठे घेतले, असे प्रश्न त्या पाहणीत आहेत. हे सगळे रकाने महत्त्वाचे आहेत. परंतु 'तुमच्या सोबत कोण होतं?' हा रकाना त्यांत नाही. घरी एकटीने गोळी घेणाऱ्या त्या २७ टक्क्यांतल्या बाईला रात्री दोन वाजता 'एवढं जातंय ते बरोबर आहे का' हे विचारायला कोण होते, याची नोंद कुठेही झालेली नाही.

आपण म्हणाल, सोबत ही का मोजण्याची वस्तू आहे? बाळंतपणाच्या बाबतीत ती मोजली गेली आहे. बाळंतपणात सतत कोणी जवळ असले तर स्त्रीला आणि बाळाला फायदा होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले. त्या आधारावर फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ एक सोबतीण राहू देण्याचा निर्णय घेतला. सोबतीण स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, आणि जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही राहू द्यावे, असे ठरले. निर्णय चांगलाच आहे. पण त्यात मूल घेऊन घरी जाणाऱ्या बाईचाच विचार आहे. त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या बाईपर्यंत तो पोचलेला नाही.

गर्भपाताच्या वेळच्या सोबतीचाही अभ्यास जगात झालेला आहे. अमेरिकेत शिकागो येथे २१४ स्त्रियांचा असा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित सोबतीण दिली, निम्म्यांना दिली नाही. निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगायचा तर सोबतीणीमुळे वेदना काही कमी झाली नाही. तरीही ज्यांना सोबतीण मिळाली त्यांतल्या जवळजवळ सर्वांनी सांगितले की ही सोय नेहमीच असावी. वेदना तितकीच असूनही बाईला कोणीतरी जवळ हवे असते, हे मला त्या निष्कर्षात फार मोलाचे वाटते. पण शिकागोची बाई आणि आमच्या वहिनी यांच्यात म्हशीपासून सासूपर्यंत पुष्कळ अंतर आहे. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्याकडे 'सेहत' या संस्थेतर्फे मनीषा गुप्ते आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत बायकांशी बोलून एक अभ्यास केला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगली सेवा म्हणजे काय, हे त्यांनी बायकांनाच विचारले. आणि नवऱ्याच्या सहीचा आग्रह नको ही मागणी तेव्हाच बायकांच्या तोंडून आली होती. त्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तो धागा सरकारने उचलून पुढे न्यायला हवा होता.

सोबतीची कल्पना आपल्याला परकी नाही. बाळंतिणीसाठी आपल्या लोकांनी केवढी व्यवस्था करून ठेवली आहे! माहेरपण, शेकशेगडी, तेल लावून आंघोळ, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही. यातले बहुतेक औषध नव्हे, ही सोबतच आहे. माझी आजी सांगते की पोट कसेही रिकामे झाले तरी अंग बाळंतिणीसारखेच जपावे लागते. पण ते जपायचे कसे, हे उघड बोलता येत नसेल तर जपणार कोण?

आपल्या इतिहासातही याला आधार आहे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. १८७५ मध्ये पंढरपूरलाही असे गृह निघाले. फुल्यांच्या घरात त्या बायकांना मिळाला तो एक दरवाजा, एक अंथरूण, आणि 'तू कोण, नवरा कुठे' असे न विचारणाऱ्या सावित्रीबाई. त्यांतल्याच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. त्याच काळात सुरतेच्या एका विधवेला स्वतःचे अर्भक मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि त्या खटल्यावरून उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. आपल्या करवीरच्या मातीत शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवाविवाहाचा आणि १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. आणि अगदी अलीकडे, ४ मे २०२२ रोजी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारने तो आदर्श म्हणून सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. एका गावाने विचार केला आणि सरकार त्याच्या मागे आले. तेव्हा कोल्हापूरने अशा बाबतीत पुढे असण्यात नवल काही नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की सोबत दिली तर गर्भपाताला उत्तेजन मिळेल. मला उलट वाटते. सोबतीणीने सल्ला द्यायचा नसतो, ऐकायचे असते. वहिनींचे मन पक्के होते. पण एखादीचे मन होत नसेल, सासरच्यांनी मुलगी आहे म्हणून तिला ओढून आणले असेल, तर 'मला नको आहे हे' असे ती कोणापुढे म्हणणार? नवरा सोबत, सासू सोबत, सही नवऱ्याची. ज्या जिल्ह्यात हजारामागे ८३९ मुली उरल्या होत्या, तिथे बाईशी दोन मिनिटे एकांतात बोलणारे, घरच्यांपैकी नसलेले माणूस हा त्या चोरट्या धंद्यावरचा एक मोठा पहारा ठरेल, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप, हे काम आशाताईंकडे द्या, वेगळा अभ्यास कशाला? राज्यात सुमारे सत्तर हजार आशा आहेत हे खरे. पण आधीच्या कामाचा मोबदला वेळेवर आणि पुरेसा मिळावा म्हणून त्यांना संप करावे लागले आहेत. आणखी एक काम फुकट त्यांच्या डोक्यावर देणे न्यायाचे नाही. शिवाय मी वहिनींना विचारले होते, "आशाताईंना का सांगितलं न्हाईसा?" त्या म्हणाल्या, "ती सासूच्या भावकीतली. आज सांगितलं, उद्या चावडीवर." म्हणजे जी बाई बाळंतपणात सगळ्यांत जवळची, तीच इथे सगळ्यांत धोक्याची वाटू शकते. कदाचित काहींना गावातली ओळखीची हवी असेल, काहींना तालुक्याच्या दवाखान्यातली अनोळखी, काहींना नुसता एक फोन नंबर, आणि काहींना कोणीच नको असेल. माझ्यासारख्या मुलीने टेबलाशी बसून हे ठरवता येणार नाही. म्हणूनच मी आदेश मागत नाही, अभ्यास मागते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. खर्च किती येईल हेही अभ्यासानेच कळेल. पण न केल्याचा खर्च आज कोण भरते? दोन खेपांचे भाडे, बुडालेला रोज, वेळेवर दवाखाना न गाठल्याने होणारी गुंतागुंत. हा सगळा खर्च बायकाच भरतात. तो सरकारच्या हिशेबात दिसत नाही, इतकेच.

तेव्हा हा अभ्यास कसा असावा? तो दवाखान्यांतून, बायकांची नावे न घेता, शिकवलेल्या बायकांनी करावा. प्रश्न साधे असावेत. तुमच्या सोबत कोण आलं? कोण यावं असं तुम्हाला वाटत होतं? कोणापासून लपवावं लागलं? पुढे काय होईल हे कुणी सांगितलं? घरी किती दिवस पडून राहता आलं? रात्री भीती वाटली तेव्हा कुणाला विचारलंत? मग दोन-चार तालुक्यांत निरनिराळ्या पद्धतीची सोबत देऊन पाहावी आणि कोणती उपयोगी पडते ते प्रामाणिकपणे छापावे; उपयोगी पडली नाही तरी छापावे. आणि अभ्यासाची वाट न पाहता एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. प्रत्येक खिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावे की अठरा वर्षांवरच्या स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही. त्या पाटीला फार खर्च येत नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. डॉक्टर होणार नाही, इंजेक्शन देणार नाही, म्हणून या विषयात आपले काम नाही असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. आपल्यातल्या पुष्कळ जणी माझ्यासारख्याच घरातला कागद वाचणाऱ्या आहेत. उद्या कोणाची वहिनी, मावशी, शेजारीण किंवा वर्गातलीच कोणी मैत्रीण आपल्याकडे येईल. त्या वेळी ओढणी पुढे ओढू नका, एवढे मी मला आणि तुम्हाला सांगते. मित्रांनाही सांगणे आहे. सही केली की आपले काम झाले असे समजून ट्रॅक्टरकडे जाऊ नका. बाकावर बसा.

परवा सुट्टीत गावी गेले तेव्हा वहिनींना हा लेख वाचून दाखवला. त्या भांडी घासत ऐकत होत्या. शेवटी मी विचारले, "त्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास कशाचा झाला?" त्यांनी थोडा विचार केला. "त्रास काय, हुतोच. पर आत पडल्यावर म्हटलं, ताई भाईर बाकावर हाय. माझी चप्पल बी तिच्यापाशीच हाय."

मी काहीच केले नव्हते. कायदा ठाऊक नव्हता, बोलता आले नव्हते, रात्रीच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी नुसती चप्पल सांभाळत बसले होते. तेवढेही ज्यांच्या वाट्याला येत नाही अशा बायका या जिल्ह्यात किती असतील, हे मोजायला आता कुणीतरी सुरुवात करावी.